चाक मोठे करण्यापूर्वी

बुंदेलखंडातील शेतकरी आपल्या जमिनीला चार नावांनी ओळखतो: मार, काबर, परुआ आणि राकड. मार म्हणजे काळीभोर, खोल, ओल धरून ठेवणारी जमीन. काबर ही तिचीच धाकटी बहीण. रंगाने किंचित फिकी, परंतु वाळली म्हणजे नांगराला दाद न देणारी. परुआ पिवळसर-तांबूस, हलकी आणि सोशिक. राकड म्हणजे उतारावरचा खडेमिश्रित माळ, ज्यावर पाऊस पडला तरी थांबत नाही. झाशी जिल्ह्याच्या उत्तरेस मोंठ व गरौठा या तहसिलींकडे काळ्या जमिनीचे प्राबल्य आहे. तर खुद्द झाशीच्या भोवताली आणि दक्षिणेस बबीन्याकडे जुन्या ग्रॅनाइट खडकाचा चुरा होऊन बनलेली तांबडी जमीन, आणि तिच्यातून भिंतीसारख्या वर आलेल्या गारगोटीच्या लांबच लांब रांगा दिसतात.

श्रोतेहो, मोटारीच्या टायरविषयी बोलावयाचे असता मी शेतजमिनीची नावे सांगू लागलो याचे आपणांस नवल वाटेल. परंतु मोटारीच्या सर्व अवयवांत जमिनीला शिवणारा अवयव एवढा एकच आहे. बाकीचे यंत्र कितीही बळकट असो, त्याचे सारे बळ तळहाताएवढ्या चार ठशांतून जमिनीत उतरावयाचे असते. म्हणून कोणते टायर घ्यावेत हा प्रश्न दुकानात उभे राहून सुटत नाही. आपल्याला कोणत्या जमिनीवरून जावयाचे आहे हे आधी ठाऊक असावे लागते. आणि ही गोष्ट केवळ झाशीपुरती नाही. परभणीचे किंवा यवतमाळचे काळे रान ज्यांनी श्रावणात पाहिले आहे, त्यांना मोंठकडची मार परकी वाटणार नाही.

प्रश्न असा आहे. कारखान्यातून आली तशी, चारही चाकांना शक्ती पोहोचविणारी एखादी गाडी आपल्याजवळ आहे. झाशी आणि बबीना ही छावणीची गावे असल्यामुळे लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जिप्सी गाड्या या भागात पुष्कळ दिसतात. मारुतीने १९८५ साली बाजारात आणलेली ही गाडी सामान्य ग्राहकाला २०१९ च्या सुमारास मिळेनाशी झाली. परंतु ज्यांच्याजवळ ती आहे त्यांचे तिच्यावरील प्रेम अद्याप ओसरलेले नाही. अशी गाडी विकत घेतल्यावर पहिल्या महिन्यातच मालकाच्या मनात येते, की हिचे पाय लहान दिसतात. मग कोणी मित्र सांगतो, कोणी दुकानदार सांगतो, आणि एके दिवशी गाडी दोन माप मोठ्या टायरांवर उभी राहते. दिसावयास ती खरोखरच रुबाबदार दिसते. तीच इच्छा खेडोपाडी फिरणाऱ्या डॉक्टरांना, कृषी खात्याच्या माणसांना आणि आमच्यासारख्या सरकारी नोकरांनाही होते. फक्त आम्ही तिला 'कामाची गरज' असे भारदस्त नाव देतो.

आता ही 'दोन मापे' म्हणजे नेमके किती, ते प्रथम पाहू. टायरच्या अंगावर जे आकडे असतात ते गूढ नाहीत. जिप्सीला मूळचे टायर २०५/७० आर १५ या मापाचे. त्यातील २०५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ७० म्हणजे त्याची उंची रुंदीच्या शेकडा सत्तर. आणि १५ हा मधल्या लोखंडी चाकाचा, म्हणजे रीमचा, इंचांतील व्यास. त्रैराशिक मांडले की संपूर्ण चाकाचा व्यास ६६८ मिलिमीटर निघतो. एक पायरी वर २१५/७५ आर १५ हे माप आहे; बोलेरो गाडीला ते कारखान्यातूनच येते. त्याचा व्यास साडेसातशेच्या आत, ७०३ मिलिमीटर. त्याच्याही वर २३५/७५ आर १५, व्यास ७३३. आणि हौशी मंडळींचे आवडते एकतीस इंची टायर घेतले तर ७८७. म्हणजे पहिल्या पायरीला चाक शेकडा पाचाने, दुसरीला जवळजवळ दहाने आणि तिसरीला अठराने वाढते. गाडी मात्र वाढते याच्या निम्म्याने, कारण आख चाकाच्या मध्यावर असतो. पहिल्या पायरीला लाभ अठरा मिलिमीटरचा, दुसऱ्या पायरीला तेहेतीसचा. आपल्या अंगठ्याच्या पेराएवढ्या उंचीसाठी हा सारा खटाटोप आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

ही उंची थोडी असली तरी निरुपयोगी मात्र नाही. जिप्सीचे दोन्ही आख सलग आहेत आणि त्यांच्या मध्यभागी डिफरन्शियलचा लोखंडी गोळा लोंबतो. स्प्रिंगा बदलून गाडीचे शरीर हवे तेवढे उचला, तो गोळा जागचा हालत नाही. त्याला वर उचलण्याचा उपाय एकच, मोठे चाक. शिवाय मोठ्या व्यासाचे चाक दगडाच्या कडेवर, बांधावर, ओढ्याच्या काठावर अधिक सहज चढते. हे ज्ञान नवे नाही. आपल्या बैलगाडीचे चाक माणसाच्या छातीला लागण्याएवढे मोठे असे ते उगाच नव्हे. रस्ता असा काही नव्हताच, तेथे चाकाच्या उंचीनेच खाचखळग्यांचा हिशेब चुकता करावयाचा होता. विष्णुभट गोडसे वरसईकर सत्तावनच्या धामधुमीत ज्या मुलुखातून झाशीस आले, त्या मुलुखाच्या वाटा अशाच चाकांनी पाडलेल्या होत्या. 'चाकोरी' हा शब्द आपण आज वागणुकीविषयी वापरतो, पण चाकोरी म्हणजे मुळात गाड्याच्या चाकाने पडलेली खोल रेघ.

मात्र त्याच बैलगाडीने एक दुसरीही गोष्ट शिकविली आहे. तिच्या चाकावरील लोखंडी धाव जेमतेम दोन-तीन बोटे रुंद असते. कठीण माळावर ती सुरेख चालते. काळ्या रानात मात्र सुरीसारखी खाली उतरते. नंतर जुन्या मोटारीची चाके व हवेचे टायर बसविलेली गाडी आली. खेड्यांत पुष्कळ ठिकाणी तिला अजून 'डनलॉप' म्हणतात. ज्या जॉन बॉइड डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले त्याचे नाव असे बैलांच्या मानेपर्यंत येऊन पोहोचले. या गाडीचे चाक जुन्या चाकाच्या निम्म्याहूनही लहान. तरी त्याच बैलांनी तिच्यातून अधिक माल ओढला. चाक लहान झाले आणि काम वाढले, हे कसे? कारण लोखंडाच्या जागी हवा आली.

येथेच सर्व प्रकरणाचे मर्म आहे, आणि टायर घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते सांगितले जाते. टायर जमिनीला किती टेकतो हे त्याच्या मापावर फारसे अवलंबून नसून आतल्या हवेच्या दाबावर अवलंबून असते. हिशेब साधा आहे. माणसे व सामान धरून गाडीचे वजन चौदाशे किलो समजू. प्रत्येक चाकावर साडेतीनशे किलो, म्हणजे सुमारे ७७० पौंड. टायरमध्ये दर चौरस इंचाला २८ पौंड हवा असेल, तर हे वजन पेलावयास ढोबळमानाने २७-२८ चौरस इंच टायर जमिनीला टेकला पाहिजे. तेवढा तो टेकतो, अधिक नाही. आता त्या जागी दोन माप मोठा टायर बसवा आणि हवा तीच २८ पौंड ठेवा. ठशाचा आकार थोडा बदलेल, क्षेत्रफळ जवळजवळ तेच राहील. परंतु टायर जुनाच ठेवून हवा १४ पौंडांवर आणा. ठसा ५५ चौरस इंचांचा, बरोबर दुप्पट होतो. काळ्या जमिनीवरचा भार निम्मा झाला, आणि त्याला पैसा एकही पडला नाही.

हे वाळवंटातील प्रवाशांनी फार पूर्वी ओळखले. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून साध्या फोर्ड मोटारी घेऊन लिबियाचे वाळूचे समुद्र ओलांडले. त्याची साधने मोठी नव्हती. टायरमधील हवा कमी करावयाची, आणि रुतलेच तर चाकाखाली सरकविण्यासाठी पोलादी पट्ट्या बरोबर ठेवावयाच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पाण्यात व जमिनीवर दोन्हीकडे चालणारा 'डक' नावाचा ट्रक बनविला. त्यात चालकाला बसल्या जागेवरून टायरमधली हवा कमी-जास्त करण्याची सोय होती, कारण समुद्रातून वाळूवर चढताना एक दाब हवा आणि पुढे सडकेवर दुसरा. आपल्या शेतातला ट्रॅक्टर हाच धडा रोज गिरवितो. त्याच्या मागच्या अजस्र टायरात बारा ते सोळा पौंडांच्या आसपासच हवा असते. मोटारी रुतल्यावर त्यांना ओढून काढावयास तोच येतो, यात त्याच्या चाकाच्या उंचीइतकाच त्या मऊ हवेचाही वाटा आहे.

अर्थात हवा कमी करण्यालाही मर्यादा आहेत. बिनट्यूबच्या टायरमध्ये दाब बारा-तेरा पौंडांच्या खाली गेला की वळणावर टायरची कड रीमवरून सुटण्याचा धोका असतो. ट्यूब असेल तर टायर रीमवर घसरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. त्या अवस्थेत वीस-पंचवीस किलोमीटरहून अधिक वेग उपयोगाचा नाही; टायर वाकून वाकून तापतो आणि फाटतो. आणि पक्की सडक लागताच हवा पुन्हा भरावी लागते. हे शेवटचे काम कंटाळवाणे असल्यामुळेच लोक हवा सोडीत नाहीत आणि त्याऐवजी मोठे टायर विकत घेतात, असे माझे मत झाले आहे. गाडीच्या बॅटरीवर चालणारा एक लहानसा पंप आणि दाब मोजण्याचे एक खात्रीचे मापक, ही खरेदी कोणत्याही टायरच्या आधी व्हावी.

आता मार जमिनीकडे परत येऊ. तिचा खरा त्रास रुतण्याचा नसून चिकटण्याचा आहे. या मातीतील बारीक कण पाणी पिऊन फुगतात आणि लोण्यासारखे होतात. चाक फिरू लागले की टायरच्या नक्षीतील खाचा पहिल्या चार वेढ्यांतच भरून जातात. मग नक्षी कितीही खोल असो, जमिनीला लागतो तो गुळगुळीत मातीचा गोळा. नवा कोरा टायर झिजून गोटा झालेल्या टायरसारखा वागू लागतो. ज्या टायरच्या खाचा रुंद आणि बाहेरच्या कडेला उघड्या असतात, तो फिरताना माती थोडीफार फेकून देतो. ट्रॅक्टरच्या टायरवरील तिरप्या कण्या याच कामासाठी आहेत. परंतु फेकलेली माती जाते कुठे? मडगार्डच्या आत. चाक आणि मडगार्ड यांच्यात जी चार-पाच बोटे जागा असते ती मातीने ठासली जाते, आणि थोड्या वेळाने चाक फिरावयाचेच थांबते. इंजिन गुरगुरते, क्लच जळल्याचा वास येतो, आणि गाडी तिथल्या तिथे. बैलगाडीवाले अशा वेळी खाली उतरून काठीने चाकाची माती खरवडीत.

मोठा टायर नेमकी ही जागा खातो. त्याचा व्यास वाढला, रुंदी वाढली, तेवढी माती मावण्याची जागा कमी झाली. म्हणून काळ्या रानासाठी म्हणून घेतलेला अवाढव्य टायर काळ्या रानातच आधी अडकतो, हा विनोद या भागात पावसाळ्यात पुन्हा पुन्हा पाहावयास मिळतो. मडगार्ड कापून व स्प्रिंगा वाढवून यावर उपाय करतात. पण मग प्रश्न टायरचा राहत नाही, दुसरीच गाडी बनविण्याचा होतो. आणि खरे सांगावयाचे तर भर पावसात खोल मारेमध्ये कोणतीच मोटार नेऊ नये. दोन दिवसांची उघडीप मिळेपर्यंत थांबावे, किंवा गावातील ट्रॅक्टर मागवावा. ज्या रोग्याला आणावयाचे आहे तो रुतलेल्या जिप्सीपेक्षा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लवकर दवाखान्यात पोहोचतो.

तांबड्या जमिनीचे गणित निराळे आहे. तेथे वरचा चिखल वितभर, खाली टणक खडक किंवा मुरूम. अशा जागी अरुंद टायर वरचा चिखल कापून टणक थराला जाऊन भिडतो आणि गाडी चालू लागते. रुंद टायर वरच्या राडीवर तरंगून घसरत राहतो. १९४१ पासून महायुद्धभर जगभर फिरलेल्या विलीस जीपचे टायर सहा इंचच रुंद होते, आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी ज्यांची जुळणी सुरू केली त्या जीपही तशाच. त्या गाड्यांनी या देशातील जिल्हेच्या जिल्हे पालथे घातले, ते काही चाकांच्या रुंदीवर नव्हे. राकड जमिनीत भय आहे ते गारगोटीच्या धारेचे. ती टायरच्या तळाला क्वचितच इजा करते. कापते ती बाजूची भिंत, आणि बाजूला पडलेली चीर कोणताही पंक्चरवाला भरून देत नाही. तेव्हा झाशीच्या दक्षिणेस हिंडणाऱ्याने टायर किती मोठा यापेक्षा त्याची बाजू किती जाड व किती थरांची, हे विचारावे. हवाही येथे फार कमी करू नये. मऊ टायरची फुगलेली बाजूच धारेखाली आधी सापडते.

येथवर आपण वाटेवरची गोष्ट केली. परंतु कोणतीही गाडी आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग सडकेवरच घालविते. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे देशाचे दोन महामार्ग झाशीजवळ एकमेकांस छेदतात. ग्वाल्हेरहून सागरकडे आणि शिवपुरीहून कानपूरकडे जाणारी अखंड वाहतूक आहे, आणि त्याच सडकांवर खेड्यातील सायकली, गुरे व शाळेची मुले आहेत. मोठ्या टायरची खरी परीक्षा चिखलात होत नाही, ती येथे होते.

जिप्सीचे ब्रेक ६६८ मिलिमीटरच्या चाकासाठी बनविलेले आहेत. ब्रेक चाकाला मध्याजवळ धरतो आणि चाक जमिनीला परिघावर धरते; परिघ जितका दूर जाईल तितकी ब्रेकची पकड दुबळी होते. २३५ रुंदीच्या, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या टायरवर पायाचा तोच जोर जमिनीवर शेकडा एक्क्याण्णवच उतरतो. हे झाले एक. दुसरे असे की वेगदर्शक काट्याला चाक बदलल्याची वार्ता नसते. तो जुन्याच हिशेबाने ८० दाखवितो, तेव्हा गाडी खरोखरी ८८ ने धावत असते. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती झाली शेकडा वीसने अधिक. दोन्ही गोष्टी एकत्र करा: चालक नेहमीच्या वेगाने चालला आहे असे समजतो, नेहमीइतकाच जोर देऊन ब्रेक दाबतो, आणि गाडी थांबावयास नेहमीपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश अधिक अंतर घेते. यात जड चाकाला थांबविण्याचे काम मी धरलेलेच नाही. पहिल्या पायरीच्या टायरलाही ही वाढ शेकडा सोळा-सतराची आहे. तीही काही थोडी नव्हे, पण सावध चालक जोराने पाय दाबून व वेग उतरवून ती भरून काढू शकतो. सडकेवर अचानक धावत आलेल्या मुलाला ब्रेक लागला होता की नाही याच्याशी कर्तव्य नसते. गाडी त्याच्या अलीकडे थांबली की पलीकडे, एवढेच त्याच्या दृष्टीने खरे.

ओढ घेण्याची शक्तीही त्याच प्रमाणात घटते. चाक वाढले म्हणजे सर्व गिअर एकदम उंच झाल्यासारखे होतात. चढावर जेथे तिसरा पुरत असे तेथे दुसरा घालावा लागतो, आणि पेट्रोल अधिक लागते. याला जोडून एक आमच्या कचेरीतील गंमत सांगितली पाहिजे. चाक मोठे झाल्यावर किलोमीटर मोजणारे यंत्र खऱ्या अंतरापेक्षा कमी दाखविते. शंभर किलोमीटरचा दौरा ९१ किलोमीटरचा नोंदला जातो. म्हणजे लॉगबुकात अंतर घटले आणि इंधन वाढले. आता हिशेब तपासनिसापुढे चाकाचा परिघ काढून दाखविण्याचे धैर्य किती अधिकाऱ्यांत असेल ते आपणच ठरवावे.

कायद्याविषयी थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, कारखानदाराने मूळ ठरविलेल्या तपशिलापासून नोंदणीतील तपशील निराळे होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. टायर किंचित मोठा घेणे आणि मडगार्ड कापून गाडीचे रूप पालटणे यांत अंतर आहे. दुसरा प्रकार मार्गावरील अधिकाऱ्याच्या आणि अपघातानंतर विमा कंपनीच्याही नजरेतून सुटत नाही. सरकारी गाडीच्या बाबतीत तर लेखी मंजुरीवाचून चाकाला हात लावू नये.

एका धोक्याविषयी मात्र थोडक्यात बोलून चालणार नाही. बुंदेलखंडात ओढ्यांवर जे बुटके फरशी-पूल आहेत त्यांना येथे रपटा म्हणतात. बेतवा, धसान, पहूज यांना मिळणारे ओढे वर्षातील दहा महिने कोरडे असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोन तासांत रपट्यावरून वाहू लागतात. अशा पाण्याच्या काठाशी उंच टायरांची गाडी येऊन उभी राहिली, की तिच्या चालकाला वाटते, आपल्याला काय अडचण आहे? हा विश्वास प्राणघातक आहे. जिप्सीची लांबी चार मीटर, रुंदी दीड मीटर; म्हणजे तळाचे क्षेत्रफळ सहा चौरस मीटर. पाणी गाडीच्या तळाला लागल्यावर ते आणखी दहा सेंटिमीटर चढले, की आत शिरेपर्यंत ते गाडीला सहाशे किलो बळाने वर उचलते. टनभराच्या गाडीत मग जमिनीला धरून राहण्यापुरते वजन उरते किती? त्यातच वाहत्या पाण्याचा रेटा बाजूने. मोठ्या टायरने गाडी तीन सेंटिमीटर वर उचलली खरी. परंतु टायर ही हवेने भरलेली पिशवी आहे, आणि पिशवी जितकी मोठी तितकी ती पाण्यात अधिक तरंगते. ज्या रपट्याची कड दिसत नाही व ज्याच्यावरून पाणी वाहत आहे, त्याच्यापुढे छोटे चाक आणि मोठे चाक सारखेच.

मग शेवटी घ्यावे काय? माझा स्वतःचा कौल पहिल्या पायरीच्या बाजूने आहे. जिप्सीचा मूळ रीम साडेपाच इंच रुंद आहे. २१५/७५ हे माप त्याच्यावर नियमात बसते. २३५/७५ ला किमान सहा इंची रीम लागतो, म्हणजे टायरबरोबर पाच रीमही आले. नक्षी निवडताना केवळ चिखलासाठी बनविलेला, मोठ्या ठोकळ्यांचा टायर घेऊ नये. तो सडकेवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंघावतो, ओल्या डांबरावर ब्रेक दाबताच घसरतो आणि लवकर झिजतो. दोन्हीकडे चालणारा, दुकानदार ज्याला ऑल-टेरेन म्हणतात तो, वर्षाच्या बारा महिन्यांना पुरतो. मूळ टायरवर भारक्षमतेचा जो अंक असतो, नव्याचा अंक त्याहून कमी नसावा.

टायर किती जुना आहे हे त्याच्या बाजूवरील चार अंकांवरून कळते. पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. २३२४ असे असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. लिलावाच्या गाडीबरोबर आलेले टायर वरून कोरे दिसले तरी हा अंक वाचावा. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या रबराला नक्षी शाबूत असूनही तडे गेलेले असतात. खाचांच्या तळाशी जे लहान उंचवटे असतात, नक्षी १.६ मिलिमीटर उरली की ती झिजून त्यांच्या पातळीला येते. तो टायर बदलण्याचा शेवटचा दिवस. चिखलात जाणाऱ्याने त्या दिवसाची वाट पाहू नये.

आणि घ्यावयाचे ते पाच घ्यावेत. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून चारच मोठे टायर घेणारे पुष्कळ आहेत. चारही चाके जोडून चालणाऱ्या गाडीत एक चाक लहान बसले, की पुढचा आणि मागचा आख निरनिराळ्या गतीने फिरू पाहतात आणि मधली दातेरी चक्रे एकमेकांस ओढू लागतात. ओल्या मातीवर ते निभते, कोरड्या सडकेवर काहीतरी तुटते. टायर बसवून झाल्यावर दुकानातून निघण्यापूर्वी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून, मागे चार माणसे बसवून, एक चाक ठोकळ्यावर चढवून पाहावे. कोठेही रबर पत्र्याला किंवा ब्रेकच्या नळीला घासत असेल, तर ते टायर तेथेच उतरवून द्यावेत. पैसे त्यानंतर मोजावेत.